दुःखातला सवंगडी

दिवाळी अंक घरात आला की तो बहुधा आधी मुलांच्या हाती पडतो. वडीलमाणसे फराळात आणि पाहुण्यांत गुंतलेली असतात. मुले चित्रे पाहता पाहता गोष्टींपर्यंत पोचतात. मग आतून कोणी तरी विचारते, "काय रे वाचतोस?" गोष्टीत कोणी मेले आहे असे कळले की लगेच उत्तर येते, "सणासुदीचे असले कशाला वाचायचे? काही तरी गमतीचे वाच!" आणि पान उलटले जाते. हे म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. आपल्या मुलाला दुःखाचा वारा लागू नये असे कोणाला वाटत नाही?

पण वाचकहो, एक नवल पाहा. मराठी आईबापांनी गेली नव्वद वर्षे जे पुस्तक आपण होऊन मुलांच्या हाती दिले, मुंजीत आणि वाढदिवसाला भेट म्हणून दिले, शाळांनी बक्षीस म्हणून दिले, त्या पुस्तकाच्या अखेरीस आई मरते. शिवाय वाचणाऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक असते. 'श्यामची आई' हे ते पुस्तक होय. एकीकडे दुःखाची गोष्ट मुलांपासून लपवायची आणि दुसरीकडे हेच पुस्तक मुलांच्या उशाशी ठेवायचे, हा आपला व्यवहार वरवर विसंगत दिसतो. तो तसा का आहे, आणि मराठी बालवाङ्‌मय या मुक्कामाला कसे आले, हे थोडे पाहावे असे मनात आहे.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीलगत मुलांना शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे झालेले नाही. तेव्हा मानसशास्त्रातले मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. मुलांपुढे मोठ्याने पुस्तके वाचण्याचा सराव मात्र बऱ्याच वर्षांचा आहे. त्या सरावात जे दिसले, त्याच्याच आधाराने हे लिहीत आहे.

मराठी मुलांसाठी छापलेली अगदी पहिली पुस्तके इसापाची. १८०६ साली तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने 'बालबोधमुक्तावली' छापली गेली. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' अशी दोन पुस्तके दिली. यातला 'बाळमित्र' मूळचा फ्रेंच. बेर्कँ नावाच्या लेखकाने १७८२-८३ साली पॅरिसमध्ये मुलांसाठी मासिक पुस्तिका काढल्या. त्यांचे इंग्रजी झाले आणि इंग्रजीवरून छत्र्यांनी मराठी केले. मराठी मुलाला पुस्तकरूपाने मित्र मिळाला तो असा दोन भाषांचा प्रवास करून.

हा मित्र कसा होता? भला होता, पण मास्तरासारखा होता. तो मुलाच्या शेजारी बसत नसे, समोर उभा राही. खोटे बोलू नये, लोभ धरू नये, वडिलांची आज्ञा मोडू नये, हे सांगण्यासाठी त्याच्या गोष्टी होत्या. अशा गोष्टींत मरण येत नाही असे नाही. उलट पुष्कळदा येते. बैलाएवढे मोठे व्हायला निघालेली बेडकी फुगून फुटते, लांडगा कोकराला खाऊन टाकतो. पण त्या बेडकीसाठी कोणी रडत नाही, आणि कोकराची आई त्या संध्याकाळी काय करीत होती हे इसाप सांगत नाही. तिथे मरण हे तात्पर्याच्या आधीचे वाक्य असते, एवढेच.

विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले. थोरांची चरित्रे, सृष्टीची माहिती, सोपे निबंध असा त्याचा संसार. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली मासिक काढले त्याचे नावच 'आनंद'. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. मुलाला वाचनाची गोडी लावायची तर आधी त्याला हसवले पाहिजे, हे आपट्यांनी बरोबर ओळखले होते.

पण त्या वर्षांकडे जरा मागे वळून पाहा. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, पुढच्या वर्षी तो पुण्यात पोचला आणि त्यानंतर कित्येक वर्षे गावोगाव हिंडत राहिला. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ आली. बाळंतपणात आया जात, देवीने भावंडे जात. ज्या मुलांच्या हाती ही मासिके पडत होती त्यांतल्या किती तरी घरांत एखादी खुंटी, एखादे अंथरूण नुकतेच रिकामे झालेले असे. छापील पान त्याबद्दल फारसे बोलत नसे. बोलत असे ते जाते. पहाटे दळता दळता आई ओवी गाई. तिच्यात माहेर येई, गेलेला भाऊ येई, लांब दिलेली लेक येई. मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत मूल ते सगळे ऐके. दुःख कसे उच्चारावे याचे पहिले धडे आपल्याकडे असे अंधारात, गाण्यातून मिळत. छापील पुस्तकाने ते काम आपल्याकडे घ्यावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ सालचा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. १९१७ साली त्यांची आई वारली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. शेवटची भेट झाली नाही. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांचे सारे ते आईच्या मायेने करीत, आणि त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले दैनिकही काढीत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारे सानेगुरुजीच. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ ते १३ फेब्रुवारीची पहाट, इतक्या थोड्या दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ साली ती छापून बाहेर आली. आईला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, गोविंदा, राम, भिका अशी मित्रमंडळी भोवती बसतात, आणि श्याम आईची आठवण सांगतो. एका बैठकीत एकच. झोपेची वेळ झाली की मंडळी उठतात, आणि उरलेले उद्यावर जाते. लहानपणी आपण सारेच या मांडणीकडे दुर्लक्ष करतो. आपले लक्ष आईकडे असते. मोठ्याने वाचू लागल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले की या पुस्तकाचे मर्म त्या ऐकणाऱ्या मित्रांपाशी आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे तर ऐकणारे कोणी हवे. श्यामचे दुःख अठरा वर्षांचे जुने. पण त्याला वाट मिळाली ती मित्रांचे कोंडाळे भोवती जमले तेव्हा. मूल वाचू लागते तेव्हा तेही त्या कोंडाळ्यात जाऊन बसते. तिथे त्याला कोणी उपदेश करीत नाही. ऐकायला जागा तेवढी देतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. आईचे शेवटचे आजारपण अडतिसाव्या रात्री सुरू होते. पण मरण त्याच्या किती तरी आधी घरात येऊन जाते. चौथी रात्र धाकट्या भावाची, यशवंताची आहे. तो लहानपणीच गेला. नववी रात्र मोरी गाईची, तीही जाते. मध्ये फुले आहेत, पोहायला शिकणे आहे, श्रीखंडाच्या वड्या आहेत. बाविसावी रात्र तर 'आनंदाची दिवाळी' म्हणूनच आहे. त्या गरीब घरात आई आपली भाऊबिजेची ओवाळणी वडिलांच्या नव्या धोतरासाठी खर्चते, आणि सारे घर आनंदते. मरण आणि दिवाळी एकाच घरात, एकाच पुस्तकात सुखाने राहतात. अशा रीतीने मुलाला हलके हलके पुढे नेत गुरुजी बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत, आईच्या स्मृतिश्राद्धापर्यंत आणतात. तोवर त्याच्या पायांत थोडे बळ आलेले असते.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकाचा चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली प्रथमच दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंतही श्याम पोचला.

आता शिरोलीकडे येतो. आमचे गाव पंचगंगेच्या पुलाशी, म्हणून 'शिरोली पुलाची'. पुणे-बंगळूर हमरस्ता इथून जातो. रस्त्यालगतच्या वसाहतीत फाउंड्र्यांची गर्दी. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे वडील मोल्डिंगला, भट्टीवर, नाही तर मशीनशॉपमध्ये पाळीने कामाला जातात. काही घरे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली, मराठी शाळेत येऊन शिकलेली. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी हमरस्त्यावर आले आणि रस्ता बंद पडला. त्या दोन पुरांच्या मध्ये कोरोना. शाळा पुन्हा भरली तेव्हा हजेरीपटावरची नावे बहुतेक तीच होती. पालकांच्या रकान्यात मात्र काही ठिकाणी वडिलांच्या जागी आईचे नाव लिहावे लागले.

सहावीतला एक मुलगा त्यांपैकीच. वडील २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. तो वर्गात येई, अभ्यास करी, विचारले तर उत्तर देई. पण शेजारी बसणाऱ्या मित्राशी बोलेनासा झाला होता. मी शनिवारी शेवटच्या तासाला 'श्यामची आई' वाचीत असे. एका शनिवारी एक रात्र. महिने गेले, एकेचाळिसावी रात्र आली. श्याम धावतपळत घरी पोचतो तेव्हा आई उरलेली नसते. पाहायला मिळते ती रक्षा. वर्ग गप्प होता. तो मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, श्यामला बी बघायला मिळालं न्हाई व्हय?"

मी "नाही मिळालं" एवढेच म्हणालो. तेवढ्यात त्याचा शेजारी त्याच्याकडे पाहून म्हणाला, "आमच्या आज्जीच्या टायमाला बी कुणाला आत सोडलं न्हाई. पप्पा गेटावरनंच परत आले." आणि मग ती दोघे हळू आवाजात बोलू लागली. घंटा झाली, मुले उठली, तरी ती बोलत होती. काय बोलली ते मी ऐकले नाही आणि विचारलेही नाही.

शेवटचे दर्शन न होणे हे त्या दोन वर्षांतले फार मोठे दुःख होते. मोठ्यांना ते कळत होते. त्यांनी ते एकमेकांपाशी बोलून दाखवले. मुलांना ते बोलायला शब्द नव्हते. 'मला बघायला मिळाले नाही' हे वाक्य त्या मुलाने स्वतःबद्दल म्हटले नाही, श्यामबद्दल म्हटले. गोष्टीचा उपयोग तो हाच. स्वतःच्या जखमेवर बोट ठेवायचे धैर्य नसते तेव्हा दुसऱ्याच्या जखमेवर ठेवता येते. आणि शेजारचा मित्र शहाणा असला तर त्याला बरोबर कळते.

'श्यामची आई' फार रडविते, मुलांना हळवे करते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला गेला आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. कोणते पुस्तक कोणाला, केव्हा द्यावे, याला महत्त्व आहे. आमच्याकडे फाउंड्रीत काम करणारी माणसे सांगतात, की ओतलेले बीड साच्यातून घाईने बाहेर काढले तर तडकते. वाळूतच त्याला निवू द्यावे लागते. ज्याची आई महिन्यापूर्वी गेली त्याच्या हाती मी श्यामची बेचाळिसावी रात्र ठेवणार नाही. त्याला कदाचित ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' देईन. गोट्या आईबापांवेगळा आहे, पण त्याच्या गोष्टी खट्याळपणाच्या आहेत. पोरके मूल हसू शकते, त्याने हसले तरी कोणाचा अपराध होत नाही, हे ज्या मुलाला कळायला हवे असते त्याला गोट्या ते न सांगता सांगतो.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'मित्र' या शब्दाचा अर्थही बदलत गेला. भा. रा. भागवतांनी १९५१ साली मुलांचे मासिक काढले त्याचे नाव 'बालमित्र'. छत्र्यांच्या पुस्तकानंतर एकशे तेवीस वर्षांनी जवळजवळ तेच नाव पुन्हा आले. पण हा मित्र मुलांबरोबर धावणारा होता. भागवतांचा फास्टर फेणे आठवला की याची खूण पटते. उंच जागेवरून शिकविणारा मित्र खाली उतरून सवंगडी झाला होता.

आणि मग आमच्याच रस्त्यावरचा एक मुलगा आला. शिरोलीवरून जाणाऱ्या हमरस्त्याने उत्तरेला गेले तर कऱ्हाड लागते, दक्षिणेला गेले तर बेळगाव. प्रकाश नारायण संत बेळगावचे, आणि कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकविणारे. कवयित्री इंदिरा संतांचे ते चिरंजीव. १९४६ साली, ते नऊ वर्षांचे असताना, त्यांचे वडील गेले. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००२) या चार पुस्तकांतून त्यांनी लंपन नावाचा मुलगा उभा केला. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा घराच्या आठवणीने आतून कळवळतो. पण त्याच्याभोवती गाव आहे, शाळा आहे, मित्र आहेत, सुमी आहे. 'झुंबर'मध्ये त्याचे वडील जातात. तोवर तीन पुस्तके आपण लंपनबरोबर हिंडलेलो असतो. त्यामुळे ते दुःख आपल्याला एकट्याने सोसावे लागत नाही. ही पुस्तके मोठ्यांसाठी म्हणून निघाली, पण सातवी-आठवीतल्या मुलांना ती आपली वाटतात, असा माझा अनुभव आहे. सीमेअलीकडची-पलीकडची ती बोली आमच्या मुलांच्या कानांना परकी नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. अमेरिकेत १९५२ साली ई. बी. व्हाइट यांनी 'शार्लट्‌स वेब' लिहिले. शार्लट ही एक कोळीण; आपल्या जाळ्यात शब्द विणून ती विल्बर नावाच्या डुकराच्या पिलाचे प्राण वाचविते आणि पुढे जत्रेच्या मैदानात स्वतः एकटी मरते. विल्बर तिच्या अंड्यांची पिशवी जपून घरी आणतो. मैत्रीण गेल्यावर मैत्रीचे काय करायचे, याचे याहून साधे उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ साली आले, आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीतही आणले. त्यात पोलिओ झालेला यासुआकी-चान आहे. तोत्तोचान त्याला मोठ्या कष्टाने आपल्या झाडावर चढविते. पुढे तो वारतो. त्याने तिला वाचायला दिलेले पुस्तक तिच्यापाशीच राहते. ही खरी घडलेली गोष्ट. पण आमची मुले ती कादंबरीसारखीच ऐकतात. त्यातला झाडाचा प्रसंग वाचून झाला की ती हटकून विचारतात, "पुन्हा चढला का तो?"

बापू छत्र्यांपासून लंपनपर्यंतची ही वाट पाहिली म्हणजे वाटते, की मुलांच्या गोष्टींनी दुःख टाळायचे सोडून दुःखाजवळ बसायला शिकणे, ही आपल्या बालवाङ्‌मयाची मोठी कमाई आहे. गोष्ट वाचल्याने गेलेले माणूस परत येत नाही, आणि मूल शहाण्यासारखे वागू लागते असेही नाही. पण आपल्याला जे होत आहे ते याआधी कोणाला तरी झाले होते, आणि तो कोणी तरी त्यातून चालत पुढे गेला, एवढे मुलाला कळते. शेजाऱ्याच्या मुलाला काय होत असेल हेही कळते. माझ्या मते या दुसऱ्या कळण्याचे मोल पहिल्याहून कमी नाही. कारण प्रत्येक वर्गात ज्याचे कोणी गेले आहे असे मूल एक-दोनच असते, आणि त्याच्याशी कसे बोलावे हे न कळून गप्प राहणारी मुले मात्र तीस-चाळीस.

पालकांनी यासाठी फार काही करावयास नको. पुस्तक हाती देऊन निघून जाऊ नये. जमेल तसे स्वतः मोठ्याने वाचावे. एका वेळी थोडे वाचावे, श्यामच्या रात्रींसारखे. तात्पर्य सांगू नये. मूल रडले तर पुस्तक मिटून बसावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावे. आणि त्याने गोष्टीतल्या कोणाबद्दल प्रश्न विचारला तर उत्तरही गोष्टीतल्या त्या माणसाबद्दलच द्यावे. तो प्रश्न कोणाचा आहे हे आपण ओळखले तरी पुरे.

आपल्याकडे एक जुनी चाल आहे. वर्षाच्या आत ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. पण त्या घरातली मुले उपाशी दिवाळी काढीत नाहीत. शेजारीपाजारी, नातेवाईक फराळाचे डबे पोचवितात. शोक ज्याचा त्याने पाळावा, पण मुलांच्या तोंडी गोड पडावे, असा यातला विचार आहे, आणि तो फार शहाणा आहे. आपल्या आळीत यंदा असे घर असेल तर डबा देऊन उंबऱ्यावरूनच परत फिरू नये. आपल्या मुलालाही बरोबर न्यावे. चिवडा-लाडवांच्या डब्यावर त्याच्या आवडीचे एखादे गोष्टीचे पुस्तक ठेवावे, आणि दोघांना ओसरीवर थोडा वेळ एकत्र बसू द्यावे.